डॉलर विसरलात तर जेवण फुकट

एक्सेल शिकताना पुस्तकातल्या पगारपत्रकापेक्षा घरचा हिशेब घ्या. मी इंदूरला रामबागेत आईच्या डब्यांचा घेतला: ए रकान्यात नावं, बीमध्ये डबे, ई१मध्ये, म्हणजे ई रकान्याच्या पहिल्या चौकटीत, दर ७० रुपये. सी२मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बी२ गुणिले ई१ (गुणाकाराला फुली नाही, तारा लागतो), मग चौकटीचा उजवा खालचा कोपरा धरून सूत्र खाली ओढलं. पहिलं बिल बरोबर, बाकी सगळी शून्य! आई म्हणाली, "अन्नछत्र उघडलंस का गं?"

सूत्र खाली सरकलं तसं ई१चं ई२, ई३ झालं होतं आणि तिथे काहीच नव्हतं. सी२च्या सूत्रातल्या ई१वर कर्सर ठेवून कीबोर्डवरचं एफ४ (F4) बटण दाबा. ई आणि १, दोघांच्याही आधी डॉलरचं चिन्ह येतं, दर जागचा हलत नाही. मग पुन्हा ओढा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन (Fn) बटणही दाबावं लागतं.