पाल्या ए फिएनो: रविवारच्या जेवणाची तयारी, शनिवार सकाळपासून

पाल्या ए फिएनो म्हणजे पेंढा आणि गवत, पिवळी अंड्याची पास्ता आणि हिरवी पालकाची पास्ता एकत्र, वरून मशरूम, मटार, मिठात मुरवलेलं हॅम आणि थोडं क्रीम. आम्ही इटलीतल्या बोलोन्यात राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी रविवारी दुपारी सहा-सात माणसांसाठी मी हे करते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की यादी दे, काय आणायचं, कधी काय करायचं. तर ही घ्या. एक गोष्ट आधीच सांगते, या पदार्थाला गॅसवर शेवटी जेमतेम दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत तुम्हाला काहीही चिरायला, किसायला, शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून पाणी उकळायला ठेवायच्या आधी सगळं, अगदी सगळं, वाट्यांमध्ये तयार पाहिजे. आपण पोहे करताना कांदा-मिरची-कढीपत्ता आधी चिरून ठेवतो ना तसंच, फक्त इथे वाट्या जास्त.

खरेदी शनिवारी सकाळीच उरका, कारण इथली बरीच छोटी दुकानं रविवारी बंद असतात आणि हॅम मला पाकिटातलं नकोच असतं. हॅमबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच लोकांचं चुकतं. इथे हॅमला प्रोशुट्टो म्हणतात, त्याचे दोन प्रकार, क्रूदो म्हणजे कच्चं, न शिजवता नुसत्या मिठात मुरवून महिनोन्‌महिने हवेवर वाळवलेलं, आणि कोत्तो म्हणजे शिजवलेलं, गुलाबी, मऊ. बोलोन्यात घरोघरी क्रीम-मटाराच्या पास्तात कोत्तो टाकणारे खूप आहेत आणि ते छानच लागतं, पण मशरूमबरोबर मला क्रूदोच आवडतं, त्याचा तो गोडसर-खारट वास मशरूमला उचलून धरतो. पार्माचं प्रोशुट्टो घेतलं तर त्यात फक्त डुकराची मांडी आणि समुद्राचं मीठ असतं, दुसरं काही घालायला परवानगीच नाही, आणि ते कमीत कमी 14 महिने मुरलेलं असतं. कातडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग दिलेला असतो तो बघून घ्या. फ्रिउलीकडचं सान दानिएले पण चालेल, ते जरा जास्त गोड असतं आणि त्याला खुरासकट पाय ठेवलेला असतो त्यामुळे लांबूनच ओळखू येतं.

दुकानदाराला सांगायचं ते हे, की मला कागदासारखे पातळ काप नकोत, एकच जाड काप द्या, साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा, 150 ग्रॅम. पातळ काप पॅनमध्ये गेला की आकसतो, कडक होतो आणि चामड्यासारखा लागतो, जाड कापाचे बारीक चौकोन केले की ते आतून मऊ राहतात. अजून एक, गांबूच्चो मागून बघा, म्हणजे मांडीचं पायाकडचं टोक, तिथून सुबक काप निघत नाहीत म्हणून ते स्वस्तात देतात, पण शिजवायला चवीने अजिबात कमी नाही. आणि पांढरी चरबी काढून टाकू नका बरं का, ती आपल्याला लागणारे.

मशरूम 400 ग्रॅम, साधे पांढरे किंवा तपकिरी शँपिन्यों, टोपी घट्ट मिटलेली आणि देठ कोरडा असलेले. शिवाय 20 ग्रॅम वाळवलेले पोर्चिनी, हे रानातले दाट चवीचे मशरूम. पार्मा जिल्ह्यातल्या बोर्गोतारोचे पोर्चिनी फार नावाजलेले आहेत पण साध्या पाकिटातले पण चालतात, फक्त त्यात चुरा जास्त नको, मोठे काप दिसले पाहिजेत. साध्या मशरूमला स्वतःची अशी चव फार नसते, ती सगळी या मूठभर वाळक्या तुकड्यांतून येते, म्हणून इथे काटकसर करू नका.

मटार. एप्रिल ते जूनमध्ये इथे शेंगा मिळतात, तेव्हा शेंगाच आणा, साधारण 700 ग्रॅम आणल्या तर 250 ग्रॅम दाणे निघतात. पण त्या त्याच दिवशी सोलायच्या, कारण तोडल्यापासून मटारातल्या साखरेचं पिठूळ स्टार्च व्हायला लागतं, दोन दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या शेंगेपेक्षा फ्रोजन मटार केव्हाही गोड. मला आपल्याकडचा थंडीतला मटार आठवतो, अख्खं घर पेपर पसरून सोलत बसायचं आणि निम्मा सोलतानाच संपायचा. इथे तोच प्रकार वसंतात होतो, शेजारच्या आजी बाल्कनीत मांडीवर पातेलं घेऊन बसतात आणि मी पलीकडच्या बाल्कनीत. बाकी वर्षभर फ्रोजन, बारीक दाण्याचा, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

राहिलेलं पटकन सांगते: फ्रेश क्रीम 200 मिली (पान्ना फ्रेस्का, फ्रीजच्या कपाटातलं, साधारण 35 टक्के फॅटचं, खोक्यातलं घट्ट केलेलं मिळतं ते मी घेत नाही), बटर 50 ग्रॅम, एक छोटा कांदा, जायफळ, काळी मिरी, पालक 150 ग्रॅम, 3 अंडी आणि वर एक जास्तीचं, बारीक मैद्यासारखं शून्य-शून्य पीठ अर्धा किलो, थोडा बारीक रवा भुरभुरायला, आणि पार्मिजानो रेज्जानो या कडक चीजचा 80 ग्रॅमचा तुकडा, किसलेलं पाकीट नाही.

चीजवरून एक गोष्ट, शाकाहारी माणसांसाठी महत्त्वाची. पार्मिजानोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, लावतात, दुसरी पद्धत त्याच्या नियमातच बसत नाही. माझी आई तीन महिने राहायला आली होती तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे नीट कळलं आणि मग मी तिच्यासाठी वेगळं चीज आणायला लागले, वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’ लिहिलेलं असेल तर ते वनस्पतीचं रेनेट. पाहुण्यांत कुणी शाकाहारी असेल तर हे आधी विचारून ठेवा, आणि त्यांच्यासाठी मशरूम-मटार वेगळ्या छोट्या पॅनमध्ये बटरवर करा, हॅमच्या चरबीचा चमचासुद्धा तिकडे जाऊ देऊ नका. आईने दोन्ही पॅन शेजारी शेजारी बघितले आणि मग निवांत जेवली, मला तेवढं समाधान पुरे होतं.

शनिवारी रात्री एकच काम, पालक. धुवून नुसत्या अंगच्या पाण्यावर दोन-तीन मिनिटं शिजवा, गार करा, मग फडक्यात बांधून पिळा, पुन्हा पिळा, आणि वाटलं की आता पाणी नाही तरी अजून एकदा पिळा. 150 ग्रॅमचा जेमतेम 60-70 ग्रॅमचा गोळा उरतो. तो अगदी बारीक चिरून किंवा मिक्सरमधून काढून डब्यात घालून फ्रीजमध्ये. यात पाणी राहिलं तर सकाळी कणीक हाताला चिकटते आणि तुम्ही पीठ घालत बसता, मग पास्ता जाड आणि पिठूळ होते.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात, जेवण एकला धरून. 200 ग्रॅम पीठ आणि 2 अंडी ही पिवळी कणीक, 200 ग्रॅम पीठ, 1 अंडं आणि तो पालक ही हिरवी. इथला साधा हिशोबच 100 ग्रॅमला एक अंडं असा आहे. कोरडी वाटली तर त्या जास्तीच्या अंड्यातलं चमचाभर घाला. मीठ-तेल काही नाही. दहा मिनिटं तरी जोर लावून मळायची, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, आणि मग झाकून अर्धा तास विसरून जायचं. ही विश्रांती टाळू नका, नाहीतर लाटताना कणीक रबरासारखी मागे ओढली जाते. बोलोन्यात स्फोल्यीना म्हणतात त्या बायका जवळजवळ मीटरभर लांब लाटण्याने एवढी पातळ पोळी लाटतात की खालच्या पाटाचा रंग दिसतो, बघत उभं राहावंसं वाटतं. आपल्याला पोळ्या लाटायची सवय असते त्यामुळे हात लवकर बसतो, पण यंत्र असेल तर बिनधास्त यंत्रावर करा. लाटलेली पोळी दहा मिनिटं फडक्यावर सुकू द्या, हात लावल्यावर चिकटत नाही पण वाकवली तर मोडत नाही अशी, मग सैल गुंडाळी करून सुरीने कापा. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1972 साली ताल्यातेल्लेची रुंदी नोंदवून ठेवलीये, शिजल्यावर 8 मिलीमीटर, सोन्याची पट्टी ठेवलीये त्यासाठी. या पदार्थाला मात्र मी अर्धीच कापते, तीन-चार मिलीमीटर, कारण क्रीम बारीक पट्टीला जास्त छान धरतं. कापलेल्या पट्ट्यांची घरट्यासारखी सैल वेटोळी करून, रवा भुरभुरून, पिवळी वेगळी हिरवी वेगळी, फडक्यावर ठेवून द्या. आणि कणीक मळायची नसेल तर अंड्याची वाळवलेली दोन रंगांची घरटी पाकिटात मिळतात, दोन पाकिटं म्हणजे 500 ग्रॅम आणा, पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी तीच वापरतात. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा एवढंच.

साडेदहाला पोर्चिनी कोमट पाण्यात भिजत घाला, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मग हाताने वर उचलून घ्या, भांडं ओतू नका, तळाशी वाळू बसलेली असते. ते पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून वाटीत ठेवा, ते टाकलंत तर अर्धी चव टाकली.

आता मशरूम, हे जेवणाच्या तासभर आधी करून ठेवलं तरी चालतं आणि चालतं म्हणूनच मी आधी करते. ओल्या फडक्याने पुसायचे, माती जास्त असेल तर नळाखाली पटकन धरून लगेच कोरडे करायचे, भिजत टाकायचे नाहीत. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि आपलं काम ते बाहेर काढायचं आहे. जाडसर काप करा, सर्वात मोठा पॅन चांगला तापवा, थोडं बटर, आणि 400 ग्रॅम दोन वेळा विभागून टाका. एकदम टाकले की पॅन गार होतो, पाणी सुटतं आणि ते उकडतात, राखाडी रबरी होतात. मीठ आत्ता नाही. पाणी सुटेल, आटेल, मग चुरचुर आवाज बदलेल आणि कडा तपकिरी व्हायला लागतील, तो रंग येईपर्यंत थांबा, मग पोर्चिनी चिरून घाला, एक मिनिट परता, काढून वाटीत ठेवा.

मटार उकळत्या मिठाच्या पाण्यात, फ्रोजन असेल तर दोन मिनिटं, ताजा असेल तर चार-पाच, दाणा खाऊन बघा, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. हिरवा रंग टिकतो. निथळून दुसऱ्या वाटीत.

हॅमची चरबी आणि लाल मांस वेगळं करा, दोन्हीचे बारीक चौकोन, दोन वेगळ्या वाट्या. हे वेगळं करणं मी एकदा आळस म्हणून टाळलं होतं, सगळं एकदम सुरुवातीला टाकलं, पंधरा मिनिटांत लाल तुकडे खडे झाले आणि सगळं मीठ सॉसमध्ये उतरलं, सात माणसांनी पाण्याचा जग संपवला. तेव्हापासून चरबी पहिली आणि लाल मांस सगळ्यात शेवटी. याच कारणाने पास्ताच्या पाण्यात पण मी मीठ कमी घालते. एरवी लिटरला 10 ग्रॅम म्हणतात, या पदार्थाला 7, म्हणजे 5 लिटरला 35 ग्रॅम. सॉसमध्ये वेगळं मीठ शेवटी चाखल्याशिवाय नाही, बहुतेक वेळा लागतच नाही.

चीज किसून झाकून ठेवा, कांदा अगदी बारीक चिरा, क्रीम फ्रीजमधून बाहेर काढा, जायफळ आणि किसणी हाताशी, ओगराळं, चिमटा, रोळी, सगळं ओट्यावर. प्लेट गरम करायला विसरू नका, ओव्हनमध्ये 60 डिग्रीवर ठेवा किंवा उकळतं पाणी ओतून ठेवा, क्रीमची पास्ता गार प्लेटमध्ये दोन मिनिटांत थिजते. आणि माणसं टेबलावर बसल्यावरच पास्ता पाण्यात टाकायची, कुणी पार्किंग शोधत असेल तर थांबा.

साडेबाराला मोठं पातेलं चढवा. पाणी तापेपर्यंत रुंद पॅनमध्ये हॅमची चरबी मंद आचेवर वितळू द्या, उरलेलं बटर घाला, कांदा घाला, तो पारदर्शक झाला पाहिजे, लाल नाही. मशरूम-पोर्चिनी घाला, पोर्चिनीच्या पाण्याचं अर्धं ओगराळं, ते आटलं की क्रीम. क्रीम दोन-तीन मिनिटंच, चमच्याच्या पाठीला हलकं लागलं की गॅस बंद, नंतर पास्ता स्वतःच ओढून घेते. 200 मिलीपेक्षा जास्त घालायचा मोह होतो, घालू नका, मशरूम आणि हॅम दोन्ही क्रीमखाली गाडले जातात.

पाणी खळखळलं की मीठ, आधी पिवळी, अर्ध्या मिनिटाने हिरवी, पालकामुळे ती किंचित लवकर होते. ताजी पास्ता वर आली की मिनिटभरात चाखायला लागा, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. त्याच वेळी सॉसखाली पुन्हा आच, मटार आणि हॅमचं लाल मांस घाला. पास्ताचं दोन ओगराळी पाणी बाजूला काढा आणि मगच निथळा, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं म्हणून मी ओगराळं रोळीच्या आतच ठेवते. पास्ता पॅनमध्ये, थोडं पाणी, अर्धा मिनिट वर-खाली, गॅस बंद, मग चीज, जायफळाची चिमूट, मिरी. घट्ट वाटली तर अजून पाणी. प्लेटमध्ये घेतल्यावर पट्ट्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत, गोळा झाला तर पाणी कमी पडलंय, अजून अर्धं ओगराळं घाला आणि लगेच वाढा.