गर्भातल्या कोकराला डॉक्साप्राम: रेकॉर्डिंग घेताना या चुका टाळा

डॉक्साप्राम हे श्वसनाला चालना देणारं औषध टोचलं की गर्भातल्या कोकराची छाती हलू लागते आणि ग्राफ पाहून ‘श्वसन सुधारलं’ असं लिहिण्याचा मोह होतो. फुप्फुसांत तेव्हा हवा नसते, द्रव असतो. ऑक्सिजन येतो नाळेतून. म्हणजे या हालचालींनी ऑक्सिजन मिळत नाही, स्नायू उलट तो खर्चच करतात.

सर्वांत जास्त घोळ होतो रक्तदाबात. गर्भाचा सरासरी दाब ४५ मिमी पाऱ्याच्या आसपास. मेंढी बसली, कोकरू ट्रान्सड्यूसरपेक्षा (दाब मोजणाऱ्या उपकरणापेक्षा) १० सेंमी खाली गेलं, की आकडा सुमारे ७ मिमीने घसरतो आणि खापर फुटतं औषधावर! म्हणून गर्भजलात वेगळा कॅथेटर (बारीक नळी) हवाच. त्याचा दाब धमनीच्या आणि श्वासनलिकेच्या दाबातून वजा करा; सगळे ट्रान्सड्यूसर एकाच उंचीवर ठेवा. मग गर्भाशय आकसलं तरी फसगत होत नाही.

दाब चढला आणि ठोके मंदावले, तर औषधाने हृदय दाबलं असा अर्थ लगेच काढू नका. दाब वाढल्यावर प्रतिक्षेपाने ठोके उतरतातच. ऑक्सिजन कमी पडला तरीही हेच चित्र दिसतं, त्यामुळे त्याच वेळी रक्तवायूंचा नमुना घ्या. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा नको: गर्भाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब जेमतेम २०-२५ मिमी, खोलीतल्या हवेत दीडशेच्या वर. एवढासा बुडबुडाही आकडा फुगवतो.

डोस ‘उशिरा लागू पडला’ असं वाटलं तर आधी औषध जाणारी नळी मोजा. १ मिमी पोकळीच्या दीड मीटर नळीत जवळपास १.२ मिली मावतं; १ मिली औषध त्यातच अडकून राहतं आणि सलाइनने ढकलल्यावरच कोकरापर्यंत पोहोचतं. ग्राफवर वेळेची खूण तेव्हाची करा.

प्रसूतीच्या जवळपास कोकराच्या या श्वसनाच्या हालचाली मुळातच थांबून थांबून होतात, बहुतेक आरईएम झोपेत (डोळे झपाट्याने हलतात त्या अवस्थेत). मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या नसतील, तर औषधाचा परिणाम कुठला आणि झोपेची पाळी कुठली, हे सांगता येत नाही. शांत झोपेत डोस द्या, तितकंच सलाइन वेगळ्या वेळी, त्याच अवस्थेत. कॅथेटर बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस मात्र थांबा. भूल आणि ताण उतरायला तेवढा वेळ लागतो.

कमी डोस मुख्यतः कॅरोटिड ग्रंथींवर (मानेतल्या, रक्तातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या) काम करतो, जास्त डोस मेंदूच्या श्वसनकेंद्रावरही. एकाच मोठ्या डोसने हे दोन मार्ग वेगळे काढता येत नाहीत.