पडद्याच्या ऑपरेशनआधी घरात काय हवं

नाकाचा पडदा सरळ करून घेणार असाल तर नाक धुण्याची पिळायची बाटली आणि सलाईनच्या पुड्या आधीच मेडिकलमधून आणून ठेवा. डिस्चार्ज मिळाल्यावर नव्हे, आधी. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि आत खपल्या दगडासारख्या घट्ट बसल्या. फाईल, सोबतीला माणूस हे काही सांगायला नको. अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घेत असाल तर सर्जनच्या कानावर घाला. हृदयासाठीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

झोपायला दोन-तीन उशा. डोकं उंच राहिलं की सूज कमी येते. पॅक, म्हणजे ऑपरेशननंतर नाकात भरलेला बोळा, असेपर्यंत श्वास तोंडानेच, म्हणून उशाशी पाणी आणि ओठांना व्हॅसलीन. नाकाखाली मिशीसारखी बांधायला गॉज. इसबगोल विसरू नका, संडासला कुंथलं की रक्त सुरू होऊ शकतं.

पुन्हा पुड्यांकडे. त्या नसतील तर 240 मिली पाण्यात आयोडीन नसलेलं मीठ पाव ते अर्धा चहाचा चमचा आणि खाण्याचा सोडा चिमूटभर. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं नको, फिल्टरचंही नको. जलनेती करणाऱ्यांनीही हे ऐकावं. न उकळलेल्या पाण्यातला अमिबा क्वचितच, पण नाकातून थेट मेंदूत जातो. धुवायला कधी सुरुवात करायची ते सर्जन सांगतील, पण सांगतील तेव्हा बाटली घरात हवी ना! रक्त आणि शेंबूड सुकून खपली होते. ती धुतली गेली नाही तर पडदा आणि बाजूची भिंत एकमेकांना चिकटू शकतात. नखाने खपली काढणं तर नकोच नको.

पॅक बहुधा एक-दोन दिवसांत निघतो, पडद्याला आधार देणाऱ्या आतल्या पट्ट्या आठवड्याभरात. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही, जिम नाही, विडी-सिगारेट नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर राहिले तर घाबरू नका. दोन्ही बाजू पुन्हा गच्च होऊन ठणका, ताप असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा: पडद्यात रक्त किंवा पू साठला तर कूर्चा (पडद्यातलं लवचिक हाड) गळून नाक खचतं. गॉज भराभर भिजत असेल, दिसायला अंधुक झालं, वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं गळलं, तरीही तेच.

आणि पुड्या आणल्या का?