गाडीतला व्हॉइस असिस्टंट डिझाइन करायचाय? आधी मागच्या सीटवर बसा

पुण्यात इंटर्न म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं, हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर असले की विषय संपला. पहिल्याच महिन्यात फुगा फुटला. आमच्या सिम्युलेटरवर एक काका बसलेले, रोज चाकणला गाडीने जाणारे. "आईला फोन लाव" म्हणाले, तर सिस्टिम आपली सुरू झाली, "आई, आई नवीन नंबर, आई गाव, यापैकी कोणता..." काका वैतागून पुढे वाकले, स्क्रीनकडे बघत ओरडले "अगं पहिला, पहिला!", आणि पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट कधी लागले ते त्यांना कळलंच नाही.

युटा युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या टीमचा २०१५ चा अभ्यास नक्की वाचा. कमांड देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला काही सिस्टिम्समध्ये २७ सेकंदांपर्यंत लागत होते, म्हणजे ताशी ६० च्या स्पीडला साडेचारशे मीटर! अमेरिकेच्या २०१३ च्या गाइडलाइन्समध्ये एका नजरेला २ सेकंद आणि पूर्ण कामात रस्त्यावरून नजर हटण्याचे एकूण १२ सेकंद अशी मर्यादा आहे, पण ती बघण्या-दाबण्याच्या कामांना, बोलण्याला नाही. डोक्यावरचा ताण मोजायला डीआरटी (डिटेक्शन रिस्पॉन्स टास्क) ही चाचणी वापरतात: दर ३ ते ५ सेकंदांनी छोटा दिवा लागतो, बोटाला बांधलेलं बटण दाबायचं, उशीर झाला की समजायचं डोकं दुसरीकडे आहे. सेटअप साधा आहे, कॉलेज प्रोजेक्टला सहज जमेल.

कोडिंग येत नसेल तरी बिघडत नाही. मी सुरुवातीला बाजूच्या खोलीत लॅपटॉप घेऊन स्वतःच मशीनचं सोंग घ्यायचो, ड्रायव्हर बोलला की उत्तर टाइप करायचं आणि ते गाडीत ऐकू जायचं. तेव्हा कळलं की खरा घोळ चुकल्यानंतर होतो. "माफ करा, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा" हे ऐकेपर्यंत चौक निघून जातो, त्याऐवजी नुसतं "कोणाला?" पुरतं. आणि माणूस मधेच गप्प झाला तर त्याला टोकू नका हो, बहुतेक समोर रिक्षा आडवी आली असते! आमचं व्हर्जन ४ सेकंदांत टाइमआउट व्हायचं, लोक घाईघाईत वाक्य पूर्ण करायचे आणि अजून चुकायचे. सिस्टिमला वाट बघायला लावलं, ड्रायव्हरला तिला मधेच तोडून बोलायची सोय दिली, तेव्हा कुठे आरडाओरडा कमी झाला.

पोर्टफोलिओत चकचकीत स्क्रीन कमी ठेवा, फसलेले संवाद जास्त. नंतरच्या इंटरव्ह्यूत मी काकांचंच रेकॉर्डिंग लिहून नेलं होतं, अर्धा तास त्यावरच गेला.