बारावीनंतर फिल्ड निवडताना पगाराचा हिशोब कसा लावायचा

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे खानदेशात घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते ज्यात पैसा आहे तेच घे, कॉम्प्युटर घे नाहीतर मेडिकलला जा, दुसरी म्हणते पोराला आवडेल ते करू द्या, पैसा काय मागून येतोच. आणि लग्नात कोणी पाहुणा भेटला की पहिला प्रश्न "पोऱ्या काय करस", दुसरा "पगार कितला शे", तिसरा प्रश्न नसतोच. माझं म्हणाल तर पगार बघायचाच. "पैशाचं काय एवढं" म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा केळीची बागायत असते नाहीतर चालतं दुकान, कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्याला ते बोलणं परवडत नाही. फक्त कोणाचा पगार बघायचा आणि तो कसा मोजायचा इथे लोक गंडतात.

मुळात "कॉम्प्युटरला किती मिळतात" ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. त्याच ब्रँचचा पुण्याच्या सीओईपी ह्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातला पोरगा आणि गावाबाहेर माळावर उभ्या राहिलेल्या कॉलेजातला पोरगा ह्यांचे पगार वेगळे, आणि त्याच माळावरच्या कॉलेजात पहिला आलेला आणि चार केटी घेऊन, म्हणजे चार विषय मागे ठेवत निघालेला ह्यांचेही वेगळे. म्हणून आधी आपल्याला कोणतं कॉलेज लागू शकतं ते बघा. राज्यातल्या ॲडमिशन बघणाऱ्या सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षीच्या कॅपच्या, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र सरकारी ॲडमिशनच्या, राउंडचे कटऑफ पीडीएफमध्ये पडलेले असतात, त्यात आपली कॅटेगरी आणि आपले पर्सेंटाईल लावून पाच-सहा खरीखुरी नावं कागदावर काढा. बाकी सगळं त्या कागदावरच्या कॉलेजांसाठी शोधायचं, आयआयटीवाल्याच्या पॅकेजचे रील बघून काही उपयोग नाही.

आता प्लेसमेंट. जून महिना आला की स्टँडपासून कॉलेजपर्यंत होर्डिंग लागतात, कोट-टाय घातलेल्या पोरांचे फोटो, खाली मोठ्या अक्षरात हायेस्ट पॅकेज. तो आकडा एका पोराचा असतो. ॲव्हरेज पण फसवतं, समजा दहा पोरं लागली, नऊ जणांना 3 लाख आणि एकाला 30 लाख, तर ॲव्हरेज येतं 5 लाख 70 हजार, आणि तेवढे मिळालेला एकही पोरगा त्या दहात नाही! तुम्हाला पाहिजे तो मीडियन, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याला किती.

हा मीडियन मिळतो कुठे? केंद्र सरकारची एनआयआरएफ रँकिंग आहे, त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाईटवर टाकावी लागते. कॉलेजचं नाव आणि एनआयआरएफ असं गुगलला टाका, पीडीएफ उघडा आणि खाली प्लेसमेंट अँड हायर स्टडीजचा तक्ता शोधा. त्यात ओळीने असतं, पहिल्या वर्षाला किती ॲडमिशन झाली, वेळेत किती पास झाले, किती प्लेस झाले, त्यांचा मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले. आता नीट बघा, समजा 240 जणांनी ॲडमिशन घेतली, 170 वेळेत सुटले आणि 60 प्लेस झाले, तर मीडियन कितीही गोड दिसला तरी तो त्या 60 जणांचा आहे, राहिलेले 180 त्यात धरलेलेच नाहीत. दुसरी गोष्ट, हा तक्ता सगळ्या ब्रँच मिळून असतो, म्हणून कॉम्प्युटरचं आणि सिव्हिलचं वेगळं विचारायला कॉलेजात जावंच लागतं. टीपीओ म्हणजे प्लेसमेंटच्या ऑफिसला जाऊन ब्रँचप्रमाणे यादी मागा, लाजायचं काय त्यात, चार वर्षांचे पैसे तुम्ही भरणार आहात. यादी दाखवायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या. लिंक्डइनवर कॉलेजच्या पेजला ॲल्युमनायचा टॅब असतो, तिथे चार-पाच वर्षांपूर्वी सुटलेले शोधून सरळ मेसेज टाका की दादा सुरुवात कितीने झाली, आता काय चालू आहे. दहापैकी तीन जण तरी उत्तर देतात, आणि गाववाला निघाला तर फोनच करतो.

मग येतो सीटीसीचा घोळ, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करते तो आकडा. साडेचार लाखाचं पॅकेज म्हटलं की आपले आबा बाराने भागून साडेसदतीस हजार महिना म्हणतात आणि गावभर सांगून पण टाकतात. त्या आकड्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स, परफॉर्मन्सवर मिळणारा व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं, वरून आपला पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला जातो, हातात तीस हजाराच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. पुण्यात कॉट बेसिसचे समजा 6 हजार, मेस 4 हजार, येणंजाणं आणि मोबाईल धरून 3 हजार, उरले 17. आणि 5 लाखाचं एज्युकेशन लोन 10 टक्क्याने 7 वर्षांसाठी असेल तर हप्ता 8300 च्या घरात, म्हणजे घरी पाठवायला साडेआठ-नऊ हजार. त्याच्याच गावचा डिप्लोमावाला जळगाव एमआयडीसीत घरून डबा घेऊन जाऊन 18 हजार कमवत असला तर पहिली दोन-तीन वर्षं तोच पुढे दिसतो. म्हणून पुणं वाईट असं नाही हां, पाच वर्षांनी चित्र उलटं होऊ शकतं, सॉफ्टवेअरवाला शिकत राहिला तर त्याचा पगार चढतो आणि डिप्लोमावाल्याचा बऱ्याचदा हळू सरकतो. तेव्हा विचारताना दोन आकडे विचारा, पहिल्या वर्षाचा आणि पाचव्या वर्षाचा.

अजून एक, आज दिसणारा पगार तुम्ही डिग्री घेऊन बाहेर पडाल तेव्हा तसाच असेल ह्याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. आपल्याकडे डीएडचं, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या कोर्सचं काय झालं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. एक काळ होता, डीएडला नंबर लागला म्हणजे मास्तरकी पक्की, लग्न पक्कं, लोकांनी त्यासाठी शेतं विकली. मग 2012 च्या सुमाराला भरती थांबली, 2013 पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं आणि हजारो पोरंपोरी डीएडचं सर्टिफिकेट फाईलमध्ये घेऊन दुकानात, शेतात, सुरतला. आता तीच गर्दी कॉम्प्युटर आणि एआय नावाच्या ब्रँचला आहे, जागा पण तशाच वाढल्या आहेत. ती ब्रँच घेऊ नका असं म्हणत नाही, पण सगळे घेतायत हे कारण पुरत नाही.

मग आवडीचं काय? आवड तपासायचा एक साधा उपाय आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या नाहीतर ज्या कॉलेजला जाणार त्याच्या साईटवरून त्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस काढा, एनपीटीईएल ह्या आयआयटीवाल्यांच्या साईटवर त्या विषयाची लेक्चर फुकट असतात, दोन लेक्चर पूर्ण बघा, फॉरवर्ड न करता, आणि त्यातला एखादा प्रश्न स्वतः सोडवायला बसा. समजलं नाही तरी चालेल, पहिल्यांदा कोणालाच समजत नाही. पण तासाभराने परत बसावंसं वाटतं का ते बघा. अजिबात नाही वाटलं तर पगार कितीही असो, मीडियनच्या खालच्या अर्ध्यात जाण्याची तयारी ठेवा. मन लागत नसलेला पोरगा चांगल्या फिल्डमध्येही वाईट पगारावरच राहतो, म्हणून मी आवडीला पण हिशोबातच धरतो.

आणि आपल्या खानदेशात काय चाललंय तेही बघा ना भो. ठिबक आणि टिश्यू कल्चरची रोपं जळगावातून देशभर जातात, दालमिल आहेत, पाईप आणि चटईचे कारखाने आहेत, रावेर-यावलची केळी आहे, नंदुरबारची मिरची आहे, साक्रीकडे सोलर आणि पवनचक्क्या आहेत, भुसावळला रेल्वे, दीपनगरला वीज केंद्र. ॲग्री, फूड टेक्नॉलॉजी, केमिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन हे विषय इथे नुसते पुस्तकात नाहीत. विद्यापीठाच्या आवारातच केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे आणि अर्ध्या पोरांना ती माहीतच नसते. आयटीआयला तर लोक उगीच नाक मुरडतात, रेल्वेची अप्रेंटिसशिप दहावी आणि आयटीआयच्या मार्कांच्या मेरिटवर लागते, त्यात भुसावळ विभागाच्या जागा असतात. अप्रेंटिस म्हणजे पर्मनंट नोकरी नाही हे मात्र लक्षात ठेवा.

एमपीएससी, पोलीस भरती करणाऱ्यांसाठी एकच सांगतो, करा, पण किती अटेम्प्ट देणार ते आजच घरच्यांसमोर ठरवा आणि डिग्री अशी घ्या की त्या तारखेनंतर तिच्यावर काहीतरी पोट भरेल.

खर्चाची बाजू शेवटी बघतात लोक, खरं तर तिथेच निम्मा खेळ आहे, कारण कमी खर्चात मिळालेली साधी डिग्री कर्ज काढून घेतलेल्या भारी डिग्रीपेक्षा बरी पडू शकते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर दिसते, ऑफिसात सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळतो का बघा. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ते गेलं. घरी पोरगी हुशार आणि पोरगा जेमतेम असेल तर पैसा कोणाच्या डिग्रीवर लावायचा हा हिशोब पण एकदा मांडून बघा, बरेच बाप तो टाळतात. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या नंबरला तेच टाका जे खरंच घेणार आहात, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल निकालाच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग आणि सर्व्हर डाऊन दोन्ही ठरलेलं, कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज तर अकरावीतच टाकून द्या.