घोडखुरी ओळखायची कशी

पावसाचे पहिले दोन-तीन आठवडे झाले की बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या वाटेला कडेच्या मातीच्या दरडी आणि ओल्या कातळाच्या भेगा जरा थांबून बघा, सावलीत नाजूक हिरवे नेचे, म्हणजे फर्न, लोंबकळत असतात, त्यातली घोडखुरी ओळखायला सगळ्यात सोपी. काहीजण हिला हंसराज म्हणतात, पण ते नाव तिच्या भाऊबंदांनाही लावतात म्हणून मी घोडखुरीच म्हणते.

आधी देठ बघा. काळपट तपकिरी, चकचकीत, तारेसारखा बारीक. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पान, अर्ध्या चंद्रासारखं, खालची कड जवळपास सरळ आणि वरची गोल, घोड्याच्या खुरासारखं म्हणून तर हे नाव. पानावर पाण्याचे चार थेंब टाका, न भिजवता घरंगळून जातात, शास्त्रीय नावातल्या अ‍ॅडिअँटमचा ग्रीकमध्ये अर्थच न भिजणारं असा आहे.

आता पान हळूच उलटं करा, तोडू नका हं, नॅशनल पार्कात काहीही उपटायला कायद्याने बंदी आहे. वरच्या गोल कडेची किनार आत दुमडलेली दिसेल, आपण साडीचा काठ दुमडून शिवतो ना अगदी तशी, बीजाणू त्या दुमडीखाली असतात, पिकले की तपकिरी होतात. बीजाणूंचे ठिपके पानभर विखुरलेले असतील तर तो नेचा दुसरा कुठला तरी.

सगळ्यात पक्की खूण मात्र शेंड्याला. देठ पुढे लांबत जातो, पानं संपतात, नुसतं काळं टोक उरतं, ते मातीला टेकलं की तिथे मुळं फुटून नवं रोप उभं राहतं. गेल्या जुलैमध्ये एका दरडीवर अशी चार रोपं एकमेकांचा हात धरल्यासारखी ओळीने दिसली, मी तिथेच पावसात उकिडवी बसून राहिले.

पण असंच टोकाने पुढे सरकणारी हिची एक बहीणही आहे, तिचा देठ आणि पानं केसाळ असतात आणि पानाची वरची कड खोल कातरलेली, घोडखुरी गुळगुळीत. आणि देठाला फांद्या फुटून त्यावर पाचरीच्या आकाराची बारीक पानं असली, विहिरीच्या किंवा पाझरत्या भिंतीला असतात तशी, तर ती तिसरीच.

फोटो तीन काढा: देठासकट सगळी पानं, पानाची उलटी बाजू, शेंडा. पाऊस सरला की पानं वाळून जातात, जमिनीतलं खोड तेवढं तग धरतं, त्यामुळे जागा नीट लक्षात ठेवा, पुढच्या पावसात तिथेच परत भेटेल.