सोलर आत्ताच लावायचं की अजून थांबायचं, हे ठरवायचं कसं?

घरावर सोलर लावायचं हे बऱ्याच जणांचं मनात पक्कं झालेलं असतं, घोडं अडतं ते "कधी" वर. का थांबलात विचारलं तर उत्तर ठरलेलं, अजून स्वस्त होतील, अजून भारी पॅनल येतील. ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण माझ्या मते थांबायचं हे सगळ्यात कच्चं कारण. पक्की कारणं आहेत, त्यांच्याकडे येतो, आधी हे स्वस्ताईचं निकालात काढू.

पॅनल स्वस्त झालेत यात वादच नाही. १९५४ मध्ये बेल लॅब्जने दाखवलेला सिलिकॉनचा सेल उन्हातल्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करायचा, आज घरगुती पॅनल २० ते २३ टक्क्यांपर्यंत जातात, आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनलच्या किमती साधारण ९० टक्क्यांनी कोसळल्या. पण त्यामुळेच आता गंमत अशी झालीये की पूर्ण खर्चात पॅनलचा वाटा पूर्वीएवढा उरलेलाच नाही. इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारं यंत्र), स्ट्रक्चर (पॅनल बसवायचा सांगाडा), केबल, अर्थिंग, मजुरी, परवानग्या हे सगळं त्याच्या बरोबरीने येतं आणि मजुरी काही दरवर्षी स्वस्त होत नाही.

हिशोब करून बघा. समजा सिस्टिमचा खर्च म्हणजे ६ वर्षांत वाचणारं वीजबिल. तुम्ही वर्षभर थांबलात आणि सगळी सिस्टिम ५ टक्के स्वस्त झाली, तर वाचले ७२ महिन्यांच्या बिलाचे ५ टक्के, म्हणजे साडेतीन महिन्यांचं बिल. आणि थांबल्यामुळे खिशातून गेलं १२ महिन्यांचं. थांबणं परवडायला हवं असेल तर भाव एका वर्षात १६-१७ टक्के तरी पडायला हवेत. कोणी म्हणेल की उशिरा लावलं तर पॅनल उशिराच म्हातारे होतील ना, खरंय, पण ते वर्ष पदरात पडणार २५ वर्षांनी. कर्ज काढून लावणार असाल तर वाचणाऱ्या बिलातून व्याज वजा करून हेच गणित मांडा, व्याजदर चढा असेल तर उत्तर बदलू शकतं.

आता थांबायची खरी कारणं. पहिलं म्हणजे छप्पर. पॅनलची परफॉर्मन्स वॉरंटी बहुतेक कंपन्या २५ वर्षांची देतात, म्हणजे त्याखालचं छप्परही निदान तेवढं नाही तरी बरीच वर्षं हात न लावता टिकायला हवं. स्लॅब गळतोय, वॉटरप्रूफिंग राहिलंय, पत्रे किंवा कौलं पुढच्या पाच-दहा वर्षांत बदलायची आहेत, वर आणखी एक मजला चढवायचा विचार आहे, यातलं काहीही असलं तर आधी ते उरका. नंतर पॅनल उतरवून परत चढवायची मजुरी वेगळी पडते, आणि उतरवताना-चढवताना काही मोडलं तर वॉरंटीवाले हात वर करतात ते वेगळंच.

दुसरं सावली, आणि इथे लोक फारच वरवर बघतात. भर दुपारी गच्चीवर जाऊन "ऊन तर मस्त आहे" म्हणणं याला तपासणी म्हणत नाहीत. पॅनलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि नेहमीच्या पॅनलमध्ये ३ बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे छोटे भाग) असतात, त्यामुळे एका कोपऱ्यात छोटीशी सावली पडली तरी त्या पट्ट्यातला एकतृतीयांश पॅनल बाजूला पडू शकतो. म्हणजे सावली तळहाताएवढी आणि नुकसान त्याच्या कितीतरी पट. म्हणून सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता फोटो काढा, आणि जमलं तर ते वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास काढा, तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. पाण्याची टाकी, चिमणी, कठडा, शेजारचं झाड, सगळं तेव्हा कळतं. शेजारी रिकामा प्लॉट असेल आणि तुम्ही उत्तर गोलार्धात असून तो दक्षिणेला असेल, तर तिथे काय उभं राहणार आहे याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका (दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या बाजूला). झाड तुमचंच असेल तर छाटता येतं, इमारत छाटता येत नाही.

तिसरं म्हणजे ग्रीडचा, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याचा नियम, आणि हा मात्र थांबू देत नाही, उलट पळवतो. जास्तीची वीज ग्रीडला दिल्यावर युनिटला युनिट वळतं होतं (यालाच नेट मीटरिंग म्हणतात) का नुसतेच थोडे पैसे मिळतात, यावर सगळा परतावा फिरतो. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना ग्रीडला दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी पाऊण हिश्श्याने घटला, पण ज्यांनी मुदतीआधी अर्ज केला होता त्यांना जुना नियम २० वर्षं राहिला. ब्रिटनमध्ये सोलरच्या विजेला ठरलेला दर देणारी जुनी फीड-इन टॅरिफ योजना नव्या अर्जांसाठी २०१९ च्या मार्चअखेर बंद झाली. तेव्हा आपल्या वीज कंपनीचा आजचा नियम काय, बदल येतोय का आणि आधी लावणाऱ्यांना जुना नियम किती वर्षं मिळणार, हे तिन्ही लेखी बघा. नियम बिघडणार असेल आणि छप्पर ठीक असेल तर अर्ज लगेच टाका. फक्त मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात जो मिळेल त्या इंस्टॉलरला काम देऊ नका, घाईत बसवलेलं स्ट्रक्चर वादळात कळतं.

मग बिल काढा, एका महिन्याचं नाही, बाराही महिन्यांची. रुपये, डॉलर सोडा, युनिट बघा. १ किलोवॅट सिस्टिम भरपूर उन्हाच्या भागात दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देते, ढगाळ थंड देशांत अडीच-तीनसुद्धा. समजा घराचा खप महिन्याला ३६० युनिट, म्हणजे दिवसाला १२, तर चांगल्या उन्हात ३ किलोवॅट पुरतं. पण त्याच वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर? रोज ३० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ५ युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे अजून सव्वा किलोवॅट. एसी किंवा विजेची शेगडी येणार असेल तर तेही धरा. खप दोन-चार महिन्यांत कळणार असेल तर तेवढं खुशाल थांबा, किंवा इन्व्हर्टर थोडा मोठा घेऊन पॅनलला जागा सोडा. फक्त सिस्टिम नंतर वाढवली तर जुना नेट मीटरिंगचा करार तसाच राहतो का हे आधी विचारा. वर्षाला किती युनिट मिळतील यासाठी इंस्टॉलरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, पीव्हीवॉट्स किंवा युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस हे ऑनलाइन कॅल्क्युलेटर फुकट आहेत, तिथे आपला पत्ता आणि छपराची दिशा टाकून ताळा करा.

लाईट जाते म्हणून सोलर लावताय का? मग नीट ऐका, साधी ऑन-ग्रीड (बॅटरीशिवाय ग्रीडला जोडलेली) सिस्टिम लाईट गेली की स्वतःही बंद पडते, ऊन कितीही असो, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. त्यासाठी बॅटरी आणि तिला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि खर्च चांगलाच वाढतो. बॅटरीसाठी थांबायला माझी हरकत नाही, पण पॅनल कशाला थांबवताय, हायब्रिड इन्व्हर्टर आत्ता घ्या, बॅटरी मागाहून जोडा.

वर्षातला कुठला महिना, याला फार महत्त्व नाही, फक्त परवानगी आणि मीटर बदलण्यात वेळ जातो तेवढा हातात ठेवून स्वच्छ उन्हाच्या महिन्यांआधी सुरू होईल असं बघा. आणि कडक उन्हाळा म्हणजे सगळ्यात जास्त वीज हा गैरसमज काढा, पॅनलचे आकडे २५ अंशांवर मोजलेले असतात, त्यावर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट होते, म्हणजे पॅनल ६० अंशांपर्यंत तापला की १० ते १४ टक्के तिथेच गेले.

दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल किंवा भाड्याने राहत असाल तर सोडून द्या. बाकी सगळं जुळत असेल तर दोन-तीन कोटेशन मागवा आणि प्रत्येकात एक गोष्ट बघा, इन्व्हर्टर बदलायचा खर्च धरलाय का, कारण पॅनल २५ वर्षं चालले तरी इन्व्हर्टर साधारण १०-१५ वर्षांत एकदा बदलावा लागतोच, आणि जो माणूस हे आपणहून सांगतो त्याच्याशी पुढची बोलणी करायला हरकत नाही.